मातीला न पचणारी वस्तू

जळकोटच्या पंचक्रोशीत आण्णासाहेबांच्या दातांचा मोठा दबदबा होता. वय अडुसष्ट, पण बत्तिशी अशी की ते उन्हात हसले तर समोरच्यानं डोळ्यांवर हात धरावा. तरुणपणी एकदा बैल बुजून पळाला, तेव्हा दातांत दोर धरून त्यांनी कडब्याची भरली गाडी तामलवाडीपासून घरापर्यंत ओढत आणली होती, असं ते स्वतःच सांगत. ऐकणाऱ्यांनी शंका काढलीच तर ती एवढीच, की वाटेत पाणी प्यायला त्यांनी तोंड उघडलं कसं.

खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. तीन वर्षांपूर्वी ‘कोर्टाची तारीख आहे’ असं सांगून आण्णासाहेब चार वेळा सोलापूरला गेले आणि वरची अख्खी कवळी बसवून आले. हे एक त्यांना माहीत, आणि दुसऱ्या त्यांच्या सुनेला, दीपमालाला. कारण ती कवळी निजताना ज्या वाटीत पडे, त्या वाटीवर झाकण ठेवायचं काम तिचं. बाकी भावकीला अजून वाटे, आण्णासाहेब अडकित्ता वापरत नाहीत.

तर अशा या आण्णासाहेबांची आपल्या चुलत भावजयीशी, रुद्रम्माशी, गुढीपाडव्याच्या दिवशी देवळाच्या पारावर शर्त लागली. शर्त होती येळवशीची, म्हणजे वेळा अमावास्येची.

मार्गशीर्षातल्या अमावास्येला या भागात घरात कुणी राहत नाही. गाव कुलूप लावून रानात जातं. उभ्या ज्वारीत कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप उभी राहते, कोपीत चुना लावलेले पाच दगड पांडव होऊन बसतात, त्यांची आणि काळ्या आईची पूजा होते आणि मग भज्जी म्हणजे शेंगा-दाण्यांची एकत्र भाजी, बाजरीचे उंडे, खीर, ताकातली आंबील असं जेवण होतं की माणसाला चार दिवस पट्टा बांधता येत नाही. आण्णासाहेबांच्या भावकीची येळवस मात्र चाळीस वर्षं एकाच रानात होई. हायवेच्या खालच्या अंगाला रुद्रम्माचं साडेचार एकर, तिथं. नवरा गेल्यावरही रुद्रम्मानं ती चालवली होती. भावकीची तीनशे माणसं, आणि हायवेवरून जाणारा जो कुणी गाडी हळू करेल तो. तिच्या आंबिलीला असा वास होता की हैदराबादकडं निघालेला एक ट्रकवाला तो वास घेत रानात शिरला, जेवला, आणि उठल्यावर उलट सोलापूरकडं निघाला, असं म्हणतात.

भांडण निघालं मागच्या येळवशीला. आण्णासाहेबांनी मोठ्या मनानं मदत म्हणून थर्माकोलची ताटं आणि प्लास्टिकचे ग्लास आणले. दुपारी वारा सुटला. ताटं अशी उडाली की नळदुर्गच्या किल्ल्यावरची माणसं म्हणाली, यंदा बगळे लवकर आले. जी उडाली नाहीत ती हरभऱ्यात घुसली. त्या वर्षी रुद्रम्माला पीक आलं ते असं, तीन पोती हरभरा आणि दोन पोती ग्लास. म्हशीनं त्यातलं काय खाल्लं कोण जाणे, आठ दिवस ती उठली नाही. रुद्रम्मा आठ दिवस तिच्याजवळून हलली नाही.

पाडव्याला सगळे पारावर जमले तेव्हा ती उभी राहिली. बुटकी, काळी, कपाळावर भस्माचं बोट, आवाज विहिरीतून आल्यासारखा.

“यंदाच्या येळवशीला माज्या रानात मातीला पचत न्हाय असं काय बी आणायचं न्हाय. सांगून ठेवते.”

आण्णासाहेब हसले. उन्हात हसले. “वैनी, तीनशे मानसं काय वंजळीत भज्जी खातील? का ताटं घेऊन या म्हून सांगनार? जेवायला बोलवायचं आन् ताट आना म्हनायचं! आपल्या भावकीत भिकाऱ्याला बी कुणी असं म्हनलं न्हाय.”

पारावरच्या माना हलल्या, कारण ते खरंच होतं.

“त्यापेक्षा माज्या रानात करू,” आण्णासाहेबांनी मोका साधला. “म्या शेडच उभा केलाय. शिमिटाची कोप, कायमची. पांडव फायबरचे, रंगीत. केटरर सांगतो, डीजे सांगतो. तुमी निस्त्या येऊन बसा.”

भावकीत सगळ्यात वडील धोंडप्पा. वय पंच्याऐंशी, तोंडात दात एकही नाही आणि त्याची लाजही नाही. त्यांनी निवाडा दिला, “ह्या येळवशीला एक डाव रुद्रम्माच्या मनासारखं व्हऊ द्या. दिवस मावळताना म्या रान बघनार. मातीला न पचनारी येक जरी वस्तू मागं राहिली, तर येळवस आण्णाच्या रानात, कायमची. न्हाय राहिली, तर रुद्रम्मा हाय तवर कुणी ह्यो इषय काढायचा न्हाय. कबूल?”

“कबूल,” रुद्रम्मा म्हणाली.

“बिलकुल कबूल,” आण्णासाहेब म्हणाले. तीनशे माणसं आणि एकही वस्तू मागं नाही? एखाद्या पोराचा चॉकलेटचा कागदसुद्धा पुरे. त्या संध्याकाळीच त्यांनी फायबरच्या भीमाची गदा पुसून घेतली.

श्रावणात मात्र त्यांच्या कानावर एक गोष्ट आली आणि त्यांना पहिल्यांदा जरा धास्ती वाटली. रुद्रम्मा भावकीच्या घरोघर फिरत होती. हातात दुरडी, दुरडीत पळसाची पानं. प्रत्येक घरी जायची, हळदीकुंकू लावायची आणि पानांची जुडी पदरात घालून म्हणायची, “येळवशीचं आवतन हाय. पान तुमच्या हातचं, वाढायचं माज्या हातानं.”

म्हणजे ताट घेऊन या, हेच की! पण आता ते कुणालाच तसं ऐकू येईना. चार महिने आधी पदरात आवतन पडलेलं, तेही पानाचं, हळदीकुंकवासकट. बायका टीव्हीसमोर बसून कडुलिंबाच्या बारीक काड्यांनी पत्रावळी टाचू लागल्या. माझी पत्रावळ गोल का तुझी, यावरून सासवा-सुना अबोला धरू लागल्या. एका घरात तर जावयानं पत्रावळ टाचली आणि ती इतकी सुबक निघाली की सासूनं ती जेवायला न देता फोटोसारखी भिंतीला लावली, अशी बोलवा होती. आण्णासाहेबांच्याच घरात दीपमाला पत्रावळी टाचताना दिसली.

“तू कुनाच्या बाजूची?” त्यांनी विचारलं.

“मी जेवणाच्या बाजूची, मामंजी,” दीपमाला म्हणाली आणि काडी दातांनी तोडली. स्वतःच्या दातांनी.

येळवशीचा दिवस उजाडला. आण्णासाहेब पांढराशुभ्र नेहरू शर्ट घालून, हातात टोकाला खिळा ठोकलेली काठी घेऊन निघाले. कचरा टोचून उचलायचा तर पुरावा पक्का हवा.

रानाच्या तोंडाशी बाज टाकून धोंडप्पा बसले होते. शेजारी तुरीच्या काड्यांचं भलंमोठं डालगं. हा रुद्रम्माचा नाका. आत जाणारा प्रत्येकजण इथं थांबे आणि पुड्या, बाटल्या, पिशव्या डालग्यात टाकी. जाताना ज्याचं त्यानं घेऊन जायचं.

“चपला?” कुणीतरी विचारलं.

“अंगावर आलं, अंगावर गेलं, तर चालतंय,” धोंडप्पा म्हणाले. “मागं ऱ्हायलं तर बाद.”

आण्णासाहेबांनी तंबाखूची पुडी टाकली. चष्म्याचं घर टाकलं.

“अजून काय पलास्टिकचं?”

“न्हाय.”

“नीट बघ. शपथेवर सांग.”

“अहो काका, न्हाय म्हंजे न्हाय! झडती घेता का?” आण्णासाहेब ओरडले आणि दात दाखवत आत गेले.

आत जे दिसलं त्यानं त्यांचा पाय जरा अडखळलाच. ज्वारी पोटऱ्यात आलेली, मधोमध कोप, कोपीवर रुद्रम्माच्या नवऱ्याची जुनी घोंगडी. झेंडूच्या माळा सुतात ओवलेल्या. पाच पांडव म्हणजे बांधावरचे पाच दगड. सकाळी चुना लावला की देव, संध्याकाळी धुतले की पुन्हा बांधावर जाऊन आपल्या कामाला लागणारे. पाण्याला मातीचे डेरे, त्यात वाळल्या भोपळ्याचे डवले. आंबिलीची बिंदगी, म्हणजे घागर, ओल्या फडक्यात गुंडाळून बोरीच्या सावलीत बसवलेली. आण्णासाहेबांनी काठी घेऊन ज्वारीची एकेक ओळ धुंडाळली. एक सुतळी सापडली, ती तागाची. एक थोटूक सापडलं, ते बिडीचं, पान आणि तंबाखू. एका ठिकाणी काही चमकलं म्हणून ते धावले, तर दव होतं.

‘बाई पक्की आहे,’ त्यांच्या मनात आलं. ते त्यांनी लगेच मनातून काढून टाकलं, पण ते पुन्हा येऊन बसलं.

पहिल्या पंगतीला ते बसले. समोर पत्रावळ आली, दीपमालाच्या हातची, हे त्यांनी काडीवरून ओळखलं. भज्जी अशी की त्यातला हरभरा, तूर, वाटाणा, बोर आपापली ओळख विसरून एकजीव झालेले. रुद्रम्मा स्वतः वाढत होती. “घ्या भावजी. शर्त येगळी, प्वाट येगळं.” आण्णासाहेब चार द्रोण आंबील प्याले. इतकी गार आणि आंबट की हायवेवरचे हॉर्नसुद्धा त्यांना सनईसारखे वाटू लागले.

इथवर सगळं ठीक होतं. पण धोंडप्पा त्यांच्या शेजारी बसले होते आणि धोंडप्पांना जेवण झाल्यावर गंमत लागे.

“आण्णा,” ते मोठ्यानं म्हणाले, “ह्या पोरांना बघू दे जरा. ऊस दातानं सोल.”

“व्हय व्हय! सोला, सोला!” पंगत ओरडली. कुणी कांडं आणून हातात दिलं.

नाही कसं म्हणणार? ज्यानं तामलवाडीपासून गाडी ओढली, तो कांड्याला नाही म्हणेल? आण्णासाहेबांनी ऊस तोंडात धरला आणि हिसका दिला. कट् असा आवाज झाला. पंगतीला वाटलं ऊस मोडला. आण्णासाहेबांना कळलं, ऊस जागेवर आहे आणि वरची कवळी उसात आहे.

त्यांनी खोकल्याचं सोंग केलं, उपरणं तोंडाशी धरलं, चिपाडासकट कवळी द्रोणात टाकली आणि पत्रावळ वर दुमडली. विचार असा, की सगळे उठले की गुपचूप काढून घेऊ. तेवढ्यात एक हात आला.

“उठा, काका! दुसरी पंगत खोळंबलीय!” आणि कुणा पोरीनं ती पत्रावळ उचलली, वर दहा पत्रावळी रचल्या आणि ती पसार झाली.

आण्णासाहेबांनी तोंड उघडलं. मग लगेच मिटलं. उघडून बोलणार काय, आणि बोललेलं ऐकू येणार कसं? फकाराशिवाय दुसरं अक्षर बाहेर पडायची खात्री नव्हती.

पुढची दुपार त्यांनी आंब्याखाली काढली. तिथं उष्ट्या पत्रावळींचा डोंगर साचत होता आणि शेजारी खणलेला खड्डा होता. खिळ्याच्या काठीनं ते एकेक पत्रावळ उलटून बघत होते. येणारेजाणारे थबकत होते.

“बघा, आण्णासाहेब किती बारकाईनं तपासत्यात!”

“शर्तीचा मानूस म्हंजे असा!”

“काय घावलं का, काका?”

“हूं हूं,” आण्णासाहेब मान हलवत. त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी मुकेपणाची दुपार.

आणि मग काठी हातात तशीच राहिली, कारण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. कवळी याच रानात आहे. कवळी प्लास्टिकची आहे. ती मागं राहिली आहे. म्हणजे शर्त ते जिंकलेले आहेत! धोंडप्पांना नुसतं बोटानं दाखवलं, हा ढीग शोधा म्हणून, की येळवस त्यांची. शिमिटाची कोप, फायबरचे पांडव, डीजे, सगळं. फक्त ती वस्तू वर निघाली की पहिला प्रश्न येणार, कुणाची? आणि तीनशे माणसं तीनशे तोंडांत डोकावणार. बोट दाखवलं तर मान मिळतो आणि तोंड जातं. गप्प बसलं तर तोंड राहतं आणि मान जातो. त्यांनी दोन्ही बाजूंनी पुष्कळ विचार केला. दोन्हीकडून त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला आणि तो पोकळ होता.

ढीग संपला. कवळी नव्हती.

दिवस कलला. धोंडप्पा दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून रान बघून आले. भावकी कोपीपुढं जमली. तेव्हा रुद्रम्मा आण्णासाहेबांजवळ आली आणि पळसाच्या हिरव्या पानात गुंडाळलेलं काहीतरी त्यांच्या हातात दिलं.

“विडा घ्या, भावजी,” ती हळू आवाजात म्हणाली. “कडक पान्यानं धुतलाय. तोंडात धरा. आता चार लोकांत बोलायची पाळी यील.”

आण्णासाहेबांना पानाआडून तो आकार लागला आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत घाम आला.

“कुठं...” एवढंच फुटलं, तेही वाऱ्यासारखं.

“म्हशीपुढं टाकायच्या आधी म्या परतेक द्रोण हातानं चाचपते. मागल्या सालापासनं.” तिनं त्यांची बोटं पानावर मिटवली. “कुनाची हाय ते म्या कुनाला इचारलं न्हाय, आन् कुनाला सांगनार बी न्हाय.”

ती वळली. आण्णासाहेबांनी उपरण्याआड कवळी बसवली. त्यांना वाटलं, सुटलो. बाई जिंकली, जाऊ दे, पण अब्रू राहिली. आणि मग त्यांनी ऐकलं की रुद्रम्मा कोपीपुढं उभी राहून बोलते आहे.

“मामंजी, तुमी रान बघितलं. तुमाला काय घावलं न्हाय. पर मला घावलंय. पंगत उठल्यावर येक वस्तू मागं ऱ्हायली हुती. मातीला पचनारी न्हवं. म्या शर्त हरले. फुडली येळवस भावजींच्या रानात.”

माणसं एकमेकांच्या तोंडाकडं बघू लागली.

“काय वस्तू?” धोंडप्पांनी विचारलं.

“वस्तू म्हंजे वस्तू.”

“दाव की मंग.”

“ज्याची त्याला दिली.”

“कुनाची?”

“ते सांगनार न्हाय.”

“आगं, न दाखवता न सांगता हरतीस व्हय? तुला काय याड लागलं?”

“रान माजं हाय,” रुद्रम्मा म्हणाली. “त्येला खोटं कसं बोलू?”

एवढं बोलून ती कोपीवरची घोंगडी उतरवू लागली. चाळीस वर्षं दर येळवशीला तिनं ती तशीच उतरवली होती. घडी घालून, कडा जुळवून, वरून हात फिरवून. आज तो हात जरा जास्त वेळ फिरला.

आण्णासाहेब बघत होते. जिंकलेल्या माणसानं हसावं, म्हणून त्यांनी हसून बघितलं, पण ते हसू तोंडात बसेना, ढिलं पडलं. आयुष्यभर त्यांनी हजार थापा मारल्या होत्या आणि एकीनंही त्यांचं काही अडलं नव्हतं. आणि ही बाई, तोंड मिटून बसली असती तरी जिंकली असती, ती एका दगडमातीपुढं खोटं होऊ नये म्हणून सगळं सोडून निघाली होती. वर त्यांची अब्रू पदराआड झाकून.

“थांबा!” ते ओरडले.

सगळे वळले. आण्णासाहेब पुढं आले, कोपीपुढं उभे राहिले, अंगठा तोंडात घातला आणि तीनशे माणसांदेखत कवळी बाहेर काढून उंच धरली. मावळतीच्या उन्हात ती अशी चमकली की हायवेवरच्या दोन गाड्यांनी ब्रेक लावला.

“ही!” ते म्हणाले, आणि पुढचं सगळं वारा आणि थुंकी यांतून निघालं, तरी प्रत्येकाला नीट कळलं. “माजी हाय! तीन वर्सं झाली!”

मग दीपमालाच्या तोंडातून पदराआडून एक हुंकार सुटला, आणि मग जे हसू उठलं त्यानं म्हणे ज्वारीतली पाखरं उडाली ती सोनारीच्या भैरवनाथाच्या कळसावर जाऊन बसली. आण्णासाहेब उभेच होते, हात वर. थोड्या वेळानं तेही हसू लागले. पोकळ तोंडानं हसायला सोपं जातं, हे त्यांना नव्यानंच कळत होतं.

“मंग तामलवाडीची गाडी?” कुणीतरी ओरडलं.

“ती खरी!” आण्णासाहेब म्हणाले. “तवा हे दात न्हवते!”

धोंडप्पांनी डोळे पुसले, काठी आपटली. “ऐका. नाक्यावर म्या ह्येला शपथेवर इचारलं, अजून काय पलास्टिकचं. ह्यो म्हनला, न्हाय. म्हंजे ह्यो माल चोरून आत आला. नाका चुकवून आलेल्या मालाचा दोष रानाला लागत न्हाय. रुद्रम्मा हरली न्हाय. घोंगडी आनखी येका सालानं परत काढायचीय, नीट ठेव ती.”

रुद्रम्मानं पदर तोंडाला लावला. रडत होती का हसत होती, ते तिनं कुणाला दिसू दिलं नाही. मग घोंगडीची घडी खांद्यावर टाकून ती आण्णासाहेबांना म्हणाली, “भावजी, आता मोकळ्या तोंडानं द्रोणभर आंबील घ्या. कवळीनं चव मरती.”

अंधारायला लागलं तसा कडब्याची पेटती पेंढी घेऊन रानाला फेरी मारायचा हेंडगा निघाला. तो मान तरण्यांचा, पण त्या दिवशी आण्णासाहेबांनी पेंढी हिसकावून घेतली आणि धोतराचा काचा मारून ते साडेचार एकराच्या बांधाबांधानं पळाले, पिढीजात आरोळी ठोकत. आरोळीतलं निम्मं अक्षर दातांअभावी गळत होतं. तरी अशी आरोळी त्या रानानं कधी ऐकली नव्हती, असं सगळे म्हणाले.

फायबरच्या पांडवांना पुढं चांगलं काम लागलं. आण्णासाहेबांनी ते आपल्या रानात पाच ठिकाणी उभे केले. भीमाच्या भीतीनं त्यांच्या ज्वारीवर सबंध हंगामात एक पोपट बसला नाही. अर्जुनावर मात्र होल्यांनी घरटं केलं.

पुढच्या येळवशीपासून नाक्यावरच्या बाजेवर धोंडप्पांच्या शेजारी आण्णासाहेब असत. पुढ्यात तुरीचं डालगं, मांडीवर एक मातीचं गाडगं. येणाऱ्या प्रत्येकाला ते ओरडून विचारत, “अजून काय पलास्टिकचं? नीट बघा! तोंडात बघा!” आणि कुणी शंका घेतलीच तर गाडगं पुढं करत. आत, गार पाण्यात, त्यांची स्वतःची कवळी सगळ्यांत आधी जमा झालेली असे.

मग ते पंगतीला बसत. भज्जी दोन बोटांनी दाबत आणि वरच्या नुसत्या हिरडीनं मिटक्या मारत म्हणत, “वैनी, तुमच्या भज्जीला दात लागतच न्हाईत. उगंच तीन वर्सं ते वझं वागवलं.”

“वाढू का अजून?” रुद्रम्मा विचारायची.

“वाढा की.”